पोच घेतली का?
६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोविड रुग्ण गेले. पुढे एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. तेव्हापासून ड्यूटीची नोंद मी धास्तीनंच लिहिते. औषध, वेळ, डॉक्टरांना किती वाजता फोन केला, सगळं तिथल्या तिथं. चुकलं तर एक रेघ आणि सही. व्हाइटनर नाही, वकिलाची नजर आधी तिथंच जाते. यंत्र बंद असेल तर लेखी कळवायचं, पोच घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं डॉक्टरवरच्या फौजदारी खटल्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं. आगीच्या चौकशीत ते कवच कितपत पुरणार? साक्ष द्यावी लागली, तर पाहिलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर तसंच म्हणायचं. नर्सिंगला असताना हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, याचा अजून राग येतो.