पोरीचा गोळा आणि माझे दंड

आमची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. गोळाफेकीत मुलींना ४ किलोचा, मुलांना ७.२६० किलोचा गोळा असतो. यवतमाळात जिमची फी माझ्यासारख्या कारकुनाला जड, म्हणून ती मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ लावून घरीच घाम गाळते. मी चहा घेत बघायचो.

गेल्या पावसाळ्यात आईला खाटेवरून उचलताना माझे हात थरथरले. वीस वर्षे फायली उचललेले हात! आई म्हणाली, "राहू दे बाबू, पोरीले बोलाव." पोरीने अलगद उचलले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा चेला. व्हिडिओतला गडी दमात वीस जोर काढतो, माझा एक निघेना. "बाबा, आधी भिंतीले टेकून करा न!" भिंतीवर अंगाचा भार कमी येतो. पंधरा सहज निघाले की खाटेची कड, मग जमीन. पण जोरांनी छाती-दंड होतात, पाठ राहते. त्यासाठी पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून, वाकून, कोपर मागे ओढायचे. लिटरचा किलो, हिशेब सोपा. हे एक दिवसाआड, कारण स्नायू विश्रांतीत भरतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस सांगते. व्हिडिओवाले तीस दिवसांत दंड फुगवून देतात, त्यांचे ते जाणोत! खांद्यात कळ आली की मी थांबतो.

चार महिने झाले. परवा आईला मी एकट्याने खुर्चीत बसवले. ती बोलली काहीच नाही, पण माझ्या मानेभोवतीची तिची मिठी या वेळी सैल होती.