चहाची किटली

आमच्या वाड्यात नवे बिऱ्हाड आले, की आई आधी चहाची किटली धाडी; चौकशा मागाहून. २०१० साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘स्पेसेस’वर अनुदिनी लिहिणाऱ्यांना वर्डप्रेसवर बिऱ्हाड हलवायला सहा महिन्यांची मुदत दिली. तिथे मी आधीपासून नांदत होतो. एक निवृत्त शिक्षिका माझ्या शेजारी उतरल्या. लेख सुखरूप आले होते. वाचणारे मात्र वाटेत पांगले होते. “इथं कुणी आहे का?” त्यांनी लिहिले. मी उत्तरपत्रिका तपासत पंधरा दिवस गप्प राहिलो. मग लिहिले, “या बाई, चहा घ्या.” लगेच उत्तर आले, “गार झाला असेल, पण चालेल.”

आई असती, तर त्या दिवशी तिने मला चहा दिला नसता.