योग्य मोसम

“फादर, खोपोलीजवळच्या इमॅजिकाला केव्हा जावे?” लग्नाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात एका दाम्पत्याने मला विचारले. २०१३ साली सुरू झालेले ते उद्यान मी तरुणांच्या सहलीबरोबर पाहिले होते. मोठ्या अधिकारवाणीने मी म्हणालो, “मे महिन्यात ऊन आणि शाळांच्या सुट्ट्या, जून ते सप्टेंबर घाटपायथ्याचा धुवाधार पाऊस, दिवाळी-नाताळात गर्दी. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत शनिवार-रविवार टाळून जा.”

सल्ला अचूक होता. परंतु पहिल्या जानेवारीत घरचे लग्न निघाले, दुसऱ्या वर्षी लेकीची बारावी आली. तिसऱ्या वर्षी पतीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली.

अखेर गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, ती दोघे गेली. हवा सुखद होती, रांगा तोकड्या होत्या. पण रोलर कोस्टरसारखे वेगवान खेळ हृदयरुग्णांना वर्ज्य असतात. पत्नी एकटीच बसली. पती खाली तिची पर्स सांभाळत उभे राहिले.

आता कोणी विचारलेच, तर मी ऋतूंचा हिशेब मांडण्याआधी विचारतो, “दोघांना मिळून रजा केव्हा आहे?” उत्तर ‘जुलै’ आले, तर छत्री घेऊन जा, एवढेच सांगतो.