जामसरचा मोगरा

आमची भाची बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा तिने परदेशातल्या एका विद्यापीठाचे पत्रक आमच्यापुढे ठेवले. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग. फी, विमान, व्हिसा, राहणे-खाणे मिळून खर्च तीन लाखांच्या वर जात होता. आपा म्हणाली, "मी बांगड्या मोडते. तू मास्तर आहेस, तू फक्त हो म्हण."

व्याजाचे कर्ज आपाला नको. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. चालू होती तेव्हाही ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी होती, असल्या छोट्या वर्गासाठी नव्हे. आपाने बद्रुद्दीन तय्यबजींचा दाखला दिला. व्यापारी बापाने १८६० साली सोळा वर्षांच्या मुलाला विलायतेला धाडले, हे खरेच. पण ते बॅरिस्टर झाले १८६७ साली. तीन आठवड्यांत नाही.

उत्तर द्यायचे राहिले आणि मध्येच जामसरला जाणे झाले. बी.एड.चा आमचा एक जुना सोबती त्या भागात शिकवतो, त्याचे बोलावणे होते. भाचीलाही बरोबर घेतले. भिवंडीहून वाडा, विक्रमगड करीत जव्हार, आणि तिथून जामसर. मार्चचा महिना. भाताची खाचरे कोरडी पडलेली, झाडाखाली मोहाची फुले सांडलेली. बऱ्याच घरांना कुलपे होती. माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. भिवंडीत शाळेला जाताना ज्या भट्ट्या आम्ही वर्षानुवर्षे पाहतो, तिथल्या माणसांची घरे ही, हे त्या कुलपांपुढे उभे राहिल्यावर नीट कळले.

जी माणसे गावात थांबली होती, त्यांतल्या एका घरी मोगरा होता. जव्हार-विक्रमगड पट्ट्यात हल्ली बरेच शेतकरी मोगरा लावतात. उजाडण्याआधीच घरची सगळी माणसे वाफ्यात होती. कळी मिटलेली असतानाच खुडावी लागते, उमलली की भाव गेला. आम्हीही खुडायला बसलो. अर्ध्या तासात कंबर धरली आणि ओंजळही भरली नाही.

भाचीने वही काढली. "दादा, भाव कोण ठरवतो?"

"दादरचा शेठ. माल गेल्यावर फोन येतो."

"गाडीभाडं कोणाचं?"

"आमचंच. दलालीबी आमचीच."

मग तिने त्यांना जहाजी व्यापारातला एक करार समजावला. माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, पुढचा घेणाऱ्याचा, आणि भाव मात्र माल हलण्याआधीच ठरलेला. दादा हसले. "म्हणजे आमचं जहाज दादरलाच बुडतं!"

मदुराईचा मोगरा आखातात जातो, त्याला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, हे तिनेच सांगितले. दादांनी विचारले, तिथवर कळी मिटलेली कशी राहते? थंड पेटीत, ती म्हणाली. ती पेटी केवढ्याला पडते, ती कुठे ठेवायची, वीज गेली तर काय, हे त्यांचे पुढचे प्रश्न. तिने तेही वहीत लिहून घेतले. उत्तरे तिच्याकडे नव्हती.

परतताना गाडीत वाढवण बंदराचा विषय निघाला. ते याच पालघर जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातले; ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींचा. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. "मामू, त्या वर्गातही बंदर दाखवणार आहेत," भाची म्हणाली. कोणते, किती तास, तिथे कोणाशी बोलता येणार? पत्रकात बंदराचा फोटो तेवढा होता.

घरी येऊन तिने स्वतःच विद्यापीठाला लिहिले. बंदरात आत नेणार का? गुण पदवीत धरले जातील का? चार दिवसांनी उत्तर आले. बंदर बसमधून दिसेल. गुण नाहीत, हजेरीचे प्रमाणपत्र मिळेल.

आपा अजून रुसलेली आहे. तिच्या मते आम्ही मुलीच्या पायात खोडा घातला. तसे झाले असेल तर अल्लाह माफ करो. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, बांगड्या कपाटात आहेत, आणि 'नाही' असे आम्ही अजून म्हटलेले नाही. येत्या रविवारी जामसरच्या दादांची टोपली पहाटे दादरच्या फूलबाजारात उतरेल तेव्हा भाची तिथे हजर असणार आहे. शेठला काय काय विचारायचे, त्याची दोन पाने तिने भरली आहेत. इतक्या पहाटे एकटीने कसे जायचे म्हणून आपाही बरोबर निघाली आहे.