विमानाच्या पोटाखालचें ओझें

खापरखेड्याच्या १३४० मेगावॉट वीजकेंद्राचीं धुराडीं आमच्या अंगणांतून दिसतात. त्यांजवर येणारें क्षेपणास्त्र विमानानें वाटेंतच कां अडवूं नये, असें मीं वडिलांस विचारलें. ते हंसले नाहींत. म्हणाले, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें सुधारलेलें सुखोई २५ जून २०१६ रोजीं अडीच टनांचें ब्राह्मोस घेऊन उडालें. २०१७ सालीं तें डागलेंहि गेलें. परंतु तें मारण्याचें अस्त्र, अडविण्याचें नव्हे! अमेरिकेनें २००७ सालीं एफ-१६ वरून अडविण्याची एक चाचणी केली खरी. मात्र क्षेपणास्त्र वर चढतांनाच गांठावयाचें, तर विमानानें शत्रूच्या सीमेजवळ रात्रंदिवस घिरट्या घालावयास हव्यात.

"मग आपल्या डोक्यावर कोण राहील?" आईनें विचारलें.

वडील धुराड्यांकडे पाहत राहिले.