सशाचे अंथरूण

ससा पाळावयाचा ठरला, म्हणजे घरात पिंजऱ्याची चर्चा होते, पाल्याची होते, नावाची तर सर्वांत आधी होते. परंतु त्या मुक्या जिवाने बसावे-निजावे कशावर, हा प्रश्न बहुधा कोणाला सुचत नाही. ससा घरातच वाढत असेल, तर एक वेळ निभावून जाते. पण पिंजरा अंगणात असेल आणि ते अंगण शिळफाट्याचे असेल, तर सशाचे जगणे-मरणेही या प्रश्नावर अवलंबून राहू शकते.

शिळफाटा म्हणताच पुष्कळांना ठाण्यापलीकडचा, कल्याणच्या वाटेवरचा शिळफाटा आठवतो. हा तो नव्हे. हा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला येथे अडतात आणि कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या दिवसांत मिठाला पाणी सुटते, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग उघड्यावरच्या पिंजऱ्याची कथा काय!

पाळीव ससा मूळचा या मातीतला नव्हे. त्याचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतल्या उतारांवर बिळे खणून राहत. आपल्या माळांवर दिसणारा रानससा हा त्याचा दूरचा नातलग. तो बीळ खणीत नाही, गवतात अंग चेपून बसतो; आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला धरून पाळता येत नाही. पाळीव सशाला मात्र अजूनही बिळातला कोरडेपणा आणि आडोसा हवा असतो. शिवाय कुत्र्या-मांजरांच्या तळव्यांना जशी गादी असते, तशी त्याच्या तळव्यांना नसते. केवळ दाट केस असतात. नुसत्या तारेवर किंवा ओल्या फळीवर तो फार दिवस बसला, की ते केस झिजतात, कातडी सोलवटते आणि जखमा होतात.

मायाळू मुलाला अशा वेळी पहिली आठवण होते ती जुन्या गोधडीची. माणसाच्या मायेला हे शोभते. सशाच्या दातांना मात्र नाही. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून तो सतत काही ना काही कुरतडतो. गोधडीचे वा गोणपाटाचे धागे पोटात गेले, तर आतड्यात गुंता होण्याचे भय असते. सुताराकडचा भुसा मूत्र चांगले शोषतो. पण तो बारीक असला, तर नाकाडोळ्यांत जातो, आणि देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा तर अगदीच नको. भाताचे तूस गिरणीत सहज मिळते, पण ते टोचते आणि पाणी फारसे धरीत नाही. वर्तमानपत्रे पाणी पितात खरी, परंतु थोड्याच वेळात त्यांचा लगदा होतो. पेंढ्याखालचा एक थर म्हणून ती बरी.

राहता राहिले वाळलेले गवत आणि भाताचा पेंढा. कर्जत हे भाताच्या संशोधनाचे ठिकाण; भाताच्या काही जाती ‘कर्जत’ या नावानेच ओळखल्या जातात. अशा मुलुखात पेंढ्याला काय तोटा, असे कोणीही म्हणेल. पण खरी अडचण निराळीच आहे. भात कापले जाते दिवाळीच्या सुमारास आणि पेंढ्याची सर्वांत अधिक गरज लागते ती आषाढ-श्रावणात. तेव्हा उघड्यावरच्या उडवीतला पेंढा काढावा, तर तो आतून काळवंडलेला निघतो. त्यावरची बुरशी सशाच्या फुप्फुसांना आणि पोटाला घातक. कारण अंथरुणातल्या काड्या तो खातोही. म्हणून पावसाळ्याची बेगमी हिवाळ्यातच करावी लागते. लखलखीत उन्हात वाळवलेला पेंढा माळ्यावर, भिंतीला न टेकवता ठेवावा. पेंढ्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. तेव्हा तो काढताना आधी काठीने हलवावा, मग हात घालावा.

पिंजरा जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच हवा, वर पागोळ्या न झिरपणारे छप्पर हवे. तरीही अंथरूण ओले होतेच, कारण ससा स्वतः ते ओले करतो. सुदैवाने तो बहुधा एकच कोपरा त्यासाठी निवडतो; तेवढा कोपरा रोज बदलला, तर पुष्कळ काम होते. उभ्या माणसाला वास आला नाही, म्हणजे सारे ठीक आहे, असे मात्र समजू नये. सशाचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते. आपले तोंड त्या पातळीला नेऊन पाहावे. डोळ्यांना झोंबले, तर तो वायू सशाच्या श्वासात रात्रभर जात असतो. पावसाळी माश्या तर याहून वाईट. घाणीने माखलेल्या केसांत त्या अंडी घालतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या एक-दोन दिवसांत धडधाकट सशाचाही जीव घेतात. या दिवसांत सशाची शेपटीखालची बाजू रोज पाहणारा मुलगा लोकांना विचित्र वाटेल. पण त्याचा ससा वाचतो.

वैशाखात सारे उलटे होते. सशाला घाम येत नाही. तो कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा जाड पेंढा काढून टाकावा, एखादी गार फरशी ठेवावी आणि पिंजऱ्याबाहेर ओले गोणपाट टांगावे, सशाच्या दातांना न पोहोचेल असे.

आणि एखाद्या दिवशी ससाणी तोंडात पेंढ्याच्या काड्या धरून एका कोपऱ्याकडे येरझाऱ्या घालू लागते. गर्भ सुमारे ३१ दिवसांचा झालेला असतो. अशा वेळी तिला एक लाकडी खोके आणि निवडक मऊ गवत द्यावे व दूर व्हावे. ती गवताला वाटोळा आकार देते, मग स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून त्यावर पसरते. तिची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. डोळे उघडायला दहा-एक दिवस लागतात. बाहेर घाटावरून पाऊस उतरत असतो. आत केसांचा तो ढीग मधूनच किंचित हलतो.