पुणतांब्याहून सवाईला

मनमाडहून दौंडकडे निघालेली गाडी कोपरगाव सोडते, गोदावरी ओलांडते आणि पुणतांब्याला येऊन उभी राहते. पुण्यामुंबईच्या पुष्कळ मंडळींनी हे स्टेशन झोपेत ओलांडलेले असते. जागे असतात ते शिर्डीचे भक्त. कारण २००९ पासून शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या संपाची हाक या गावाने दिली, तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पुणतांब्याचे नाव झळकले. पण गाणे ऐकण्याच्या संदर्भात पुणतांब्याचे नाव कुणी काढलेले माझ्या तरी ऐकिवात नाही. ते काम आज मी करणार आहे. गाव माझे आहे, तेव्हा एवढा अधिकार वाचक मला देतील अशी आशा आहे.

गोदावरीच्या काठी गावाला जुने घाट आहेत. त्यांतला एक अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. आणि नदीकाठीच चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. चौदाशे वर्षांच्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. पण मायना काय घालावा, थोर म्हणावे की धाकटे, हेच ठरेना. म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. पुढे वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन ते भेटीला निघाले आणि भावंडांनी भिंत चालवली. लहानपणी आपले सारे लक्ष वाघाकडे आणि भिंतीकडे असते. वर्गात 'चांगदेव पासष्टी' शिकवताना मात्र माझे लक्ष दुसरीकडेच जाते. उत्तर तर घरपोच आले होते. पासष्ट ओव्या हातात होत्या, आणि त्या साक्षात ज्ञानेश्वरांच्या! तरीही चांगदेव निघाले. कागदावर जे होते ते पुरेसे नव्हते. माणूस समोर पाहायचा होता.

आमच्या घरी ही चांगदेवी वृत्ती नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला आली. नाना साखर कारखान्यात हिशेबनीस होते. घरात एक रेडिओ होता आणि त्यावरचे शास्त्रीय गाणे ते ताट बाजूला सारून ऐकत. आई म्हणे, "ऐकता ऐकता जेवलं तर सूर विटाळतो का?" पण रेडिओने त्यांचे समाधान होत नसे. १९६९ च्या सुमारास कुणा मित्राबरोबर ते पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरचे पंचांग बदलले. दिवाळी संपली की बाकीच्यांच्या घरी तुळशीच्या लग्नाची तयारी चाले. नाना रेल्वेचे वेळापत्रक काढून बसत.

अडचण अशी, की महोत्सव डिसेंबरात आणि उसाचा गळीत हंगामही ऐन भरात. कारखान्याचे भोंगे रात्रंदिवस वाजत असताना हिशेबनिसाने रजा मागायची ती कोणत्या तोंडाने? "गाणं ऐकायला जातो" असे सांगितले असते तर साहेब खुर्चीतून पडले असते. त्यामुळे पुण्याच्या एका मावशीची प्रकृती दर डिसेंबरात न चुकता बिघडे. ही मावशी प्रत्यक्षात कुठेच नव्हती, तरी कारखान्यातली मंडळी पुढे पुढे आपुलकीने विचारीत, "काय, यंदा मावशींचं कसं काय?"

पुणतांबा ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. चितळी, बेलापूर, राहुरी, मग नगर. पुढे विसापूर, श्रीगोंदा, काष्टी करीत दौंड. दौंडला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत, आणि पुण्याकडे तोंड करून बसलेला प्रवासी पाठमोरा होऊन पुण्यात शिरे. नाना म्हणत, "आता गाडीनं सम गाठली." ही गाडी वेळेवर पोहोचल्याचे फारसे कुणाला आठवत नाही. पण वाटेत तेच आवाज मनात घोळवीत जायचे असल्यामुळे उशीर त्यांना कधी जाचला नाही.

ज्या उत्सवासाठी ही धडपड, त्याची कुळकथाही प्रवासाचीच आहे. गदगचा एक मुलगा दुकानातल्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकतो, आणि असे गाणे शिकवणारा गुरू शोधायला १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडतो. खिशात तिकीट नाही. डब्यातल्या प्रवाशांना गाणी म्हणून दाखवायची आणि पुढे सरकायचे. ग्वाल्हेर झाले, जालंधर झाले. तिथे विनायकराव पटवर्धनांनी सांगितले, की तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे, सवाई गंधर्वांकडे जा. असा हा मुलगा, म्हणजे भीमसेन जोशी, घरापासून जवळच असलेल्या कुंदगोळला उत्तर हिंदुस्थान पालथा घालून पोहोचला. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू झाला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनी मंडळीही त्यात गात.

मी प्रथम गेलो तो पुण्यात कॉलेजात शिकत असताना, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस. रमणबागेतला मांडव, खाली बैठक, थंडी अशी की शेजारच्या अनोळखी गृहस्थाची घोंगडी केव्हा आपल्या पायांवर आली ते कळू नये. नाना गावाहून भाकरीचे गाठोडे घेऊन आले होते. रात्री किशोरीताई आमोणकर बसल्या. आधी तानपुरे लागले. ते लागणे कितीतरी वेळ चालले होते. तबकडीत हा भाग कधी नसतो. पण त्या वेळात हजारो माणसांच्या मांडवाची कुजबूज हळूहळू विरत गेली, आणि पहिला षड्ज आला तेव्हा तो लागलेल्या तानपुऱ्यांत जसा मिसळला तसा आमच्या शांततेतही मिसळला. तेव्हा मला समजले, की मैफलीत आपण नुसते ऐकायला बसलेले नसतो. आपले गप्प बसणे हेसुद्धा एक साथीचे वाद्य असते.

पहाटे अखेरच्या सत्रात भीमसेनजी गायले. तान घेताना ते उजव्या हाताने अदृश्य दोर ओढीत आहेत असे वाटे. त्यांचा आवाज मी लहानपणापासून रेडिओवर ऐकला होता. पण त्या आवाजाला किती कष्ट पडतात हे त्या दिवशी प्रथम पाहिले. मांडवाबाहेर उजाडत होते. नानांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "चल, साडेनऊची गाडी आहे."

त्या वाक्यात एक हिशेब होता, तो मला फार पुढे उलगडला. रात्रभराच्या गाण्याने बाहेरगावच्या गरीब श्रोत्याची मोठी सोय केली होती. त्याला मुक्कामाची जागा लागत नसे. संध्याकाळच्या गाडीने उतरावे, मांडवात रात्र काढावी, सकाळी चहा घेऊन परतीची गाडी धरावी. लॉजचा खर्च नाही, कुणाच्या दारी पाहुणा म्हणून जायचे नाही. मैफल हीच धर्मशाळा!

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंदी आली. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देते, पण रात्रभराचे सत्र गेले ते गेलेच. या नियमाला नावे ठेवणे मला पटत नाही. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा अभ्यास करणारे पोर असते. त्यांची झोपही मोलाची आहे. मध्यरात्रीनंतरच्या रागांची जी अडचण झाली, तीबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पण काष्टीचा, राहुरीचा, पुणतांब्याचा जो श्रोता मांडवातून निमूटपणे नाहीसा झाला, त्याची हाजिरी कुणी घेतली नाही. रात्री दहाला उत्सव सुटल्यावर त्याने जायचे कुठे?

२०११ मध्ये भीमसेनजी गेले. उत्सवाच्या नावात त्यांचे नाव आले; पुढे जागाही रमणबागेतून मुकुंदनगरला हलली. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे साथ देत नाहीत. माझ्या मुलीने त्यांना मोबाइलवर गाणी लावायला शिकवले आहे. जुन्या मैफलींचा एवढा खजिना बोटाच्या टोकावर पाहून त्यांना आनंद झाला. ते रोज ऐकतात. ध्वनिमुद्रणाला ते कमी लेखत नाहीत, कारण ती तबकडी नसती तर गदगचा मुलगा घराबाहेर पडलाच नसता, हे त्यांना ठाऊक आहे. मात्र श्रावणात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह जवळपास असला, की नाना काठी टेकत जातात. तिथे टाळ-वीणा अहोरात्र चालू. एक प्रहर संपला की दुसरे टाळकरी उभे राहतात. आवाज बदलतो, नाम तुटत नाही. "इथं अजून रात्र शिल्लक आहे," असे ते यंदा म्हणाले.

गणपतीत घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "अरे, सवाईच्या तारखा जाहीर झाल्या का?" मी म्हटले, "नाना, तुम्हाला झेपेल का?" त्यावर म्हणाले, "ऐकायला गुडघे लागत नाहीत. बसायला खुर्ची बघ, आणि राहायला जागा."

खुर्चीचे जमले. जागेचे माझ्या घरी आहेच. मी पुण्यात नोकरीला आहे म्हणून नानांचा प्रश्न सुटला. पण नानांसारखे आणखी कितीतरी जण त्या दौंडच्या गाडीच्या वाटेवर राहतात, आणि त्यांच्यापैकी सगळ्यांचे मुलगे पुण्यात नसतात. हा दिवाळी अंक पुण्यातल्या पुष्कळ घरांत वाचला जाईल. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच डिसेंबर येतो. आपल्या ओळखीचा कुणी गाणेवेडा बाहेरगावी असेल, तर त्याला एक पत्र टाकावे, की दोन रात्री गादी घालून ठेवतो, ये. कोरा कागद धाडला तरी हरकत नाही. ज्याला गाणे समोर बसून ऐकायचे आहे तो अर्थ बरोबर ओळखील.